आजोबा आधी फौजी की आधी घरचे? आठवणींची पुस्तिका काढतेय, सुचवा

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथे वाचते बरीच वर्षं, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे आजोबा गेल्या वर्षी आषाढात गेले. वय ९०. आमचं गाव सातारा जिल्ह्यात, कोरेगाव तालुक्यात. १९५४ साली एकोणिसाव्या वर्षी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीत भरती झाले आणि १९७८ ला सुभेदार म्हणून पेन्शनवर आले. २४ वर्षं फौज आणि त्यानंतर ४७ वर्षं घर, शेती, गाव.

पुढच्या महिन्यात वर्षश्राद्ध आहे. त्या दिवशी येणाऱ्यांच्या हातात चाळीसेक पानांची पुस्तिका द्यायची असं ठरलंय, आणि लिहायचं काम माझ्याकडे आलंय. घोडं अडलंय ते सुरुवातीवर. काका म्हणतात, "जंगी पलटणीचा माणूस होता, जमालपूरला होता, तिथूनच सुरुवात कर." आत्याचं म्हणणं वेगळं, ती आजोबांना दादा म्हणते. "दादा लढाईबद्दल जन्मात दहा वाक्यं बोलले नसतील. त्यांचा जीव घरात होता, आईत होता. ते लिही." बाबा दोघांना हो म्हणतात.

मला स्वतःला डोळे मिटले की एकच दिसतं. २००९ मध्ये आजीला अर्धांगवायूचा झटका आला, उजवी बाजू गेली. तेव्हापासून आजोबा जाईपर्यंत, म्हणजे सोळा वर्षं, आजीची वेणी आजोबांनी घातली. सकाळी तिला उंबऱ्याशी पाटावर बसवायचे. वाटीत कोमट खोबरेल. भांग पाडताना तिच्या नाकाच्या शेंड्यापासून बोट सरळ वर न्यायचे आणि तिथून कंगवा मागे. सुरुवातीला वेणी सैल पडायची, दुपारपर्यंत सुटायची. मग शेजारच्या शाळकरी पोरीकडून शिकून घेतलं आणि खाटेच्या पायाला सुतळीचे तीन पदर बांधून सराव केला. मी स्वतः पाहिलंय. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस जमिनीवर मांडी घालून सुतळीची वेणी घालतोय, उसवतोय, पुन्हा घालतोय.

तर सांगा, कुठून सुरू करू? तुमच्या घरी कुणी असं लिहिलं असेल तर तेही सांगा.

सुईदोरा

सुतळीपासून. दुसरं काही शोधू नकोस.

माणदेशी_पोर

वाचून घशात आवंढा आला. आमच्याकडेही आजोबा फौजी, पण महार रेजिमेंटचे. ते काही बोलायचे नाहीत आणि आम्ही विचारलं नाही. तू लिहितेयस हे फार चांगलं करतेयस.

बेळगावच्या_वाटेवर

मी काकांच्या बाजूने. वेणीचा प्रसंग सुंदर आहे, यायलाच हवा. पण जमालपूर नुसतं "तिथे होते" एवढ्यावर सोडू नका. तुमच्या घरातल्या तरुण पोरांना जमालपूर नकाशावर कुठे आहे हेही ठाऊक नसेल.

थोडक्यात सांगतो. १९७१ च्या बांगलादेश युद्धात, डिसेंबरात, जमालपूर हे ढाक्याच्या उत्तरेकडच्या वाटेवरचं भक्कम ठाणं होतं. पाकिस्तानची ३१ बलुच पलटण आत होती. पहिली मराठा, म्हणजे तुमच्या आजोबांची जंगी पलटण, लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली ब्रह्मपुत्रा ओलांडून ठाण्याच्या दक्षिणेला गेली आणि टांगाईलकडे जाणारा रस्ता रोखून बसली. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण या म्हणून चिठ्ठी पाठवली. ती घेऊन गेला एक म्हातारा बंगाली माणूस, सायकलवरून. उलट चिठ्ठी आली त्यात बंदुकीची गोळी गुंडाळलेली. म्हणजे लढूनच बघा. १० च्या रात्री आतली फौज वेढा फोडून ढाक्याकडे निसटायला निघाली ती थेट मराठ्यांच्या मोर्चांवर आली. रात्रभर अंधारात लढाई झाली. ११ ला सकाळी ठाणं पडलं. पाच दिवसांनी ढाका. पलटणीला "जमालपूर" हा युद्धसन्मान मिळाला तो या रात्रीचा.

आता विचार करा, ती रात्र ज्या माणसाने खंदकात काढली, त्याने पुढे सोळा वर्षं रोज सकाळी वेणी घातली. मला तरी त्यात दोन माणसं दिसत नाहीत. वेळेला उठायचं, हाती घेतलेलं नीट होईपर्यंत सोडायचं नाही, आणि ज्याची जबाबदारी आपल्यावर आहे त्याला एकटं टाकायचं नाही. हे तो तिथेच शिकला.

निवृत्त_सॅपर

ताई, लिहायला बसण्याआधी कागद आणि मेडल ताब्यात घ्या. मी बॉम्बे सॅपर्सचा, खडकीहून रिटायर. अनुभवाने सांगतो.

डिस्चार्ज बुक शोधा. त्यात भरतीची तारीख, बढत्या, कुठली मेडल्स, उंची, अंगावरची ओळखीची खूण, सगळं मिळेल. ते नसेल तर त्यांचा नंबर घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातले लोक अर्ज लिहायला मदत करतात. मेडलच्या कडेवर बोट फिरवून बघा. बारीक अक्षरात नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. १९७१ ला पूर्वेकडे लढलेल्यांना "पूर्वी स्टार" नावाचं मेडल मिळालं, पश्चिमेकडच्यांना "पश्चिमी स्टार", आणि संग्राम मेडल असेल. शिवाय स्वातंत्र्याला २५ वर्षं झाली तेव्हाचं एक.

आणि हात जोडून विनंती, मेडल घासू नका. चिंच नको, राख नको, पितांबरी नको. कोरलेली अक्षरं झिजतात. कोरड्या मऊ फडक्याने पुसा, बस.

कृष्णाकाठची

@निवृत्त_सॅपर काका, उशीर झाला. आत्याने दहाव्याच्या आदल्या दिवशी घासली. पण आत्ता कडा पाहिल्या, अक्षरं आहेत! नंबर आहे, पुढे "हवालदार". मला तर माहीतच नव्हतं की तिथे काही लिहिलेलं असतं. बाबांना दाखवलं, ते चष्मा काढून बराच वेळ नुसते अंगठा फिरवत बसले.

@बेळगावच्या_वाटेवर, तुमचा प्रतिसाद काकांना वाचून दाखवला. सायकलवरच्या म्हाताऱ्याची गोष्ट आजोबांनी त्यांना सांगितली होती म्हणे. फक्त तेवढीच. "त्या बाबाचं काय झालं असेल" असं म्हणायचे.

ओसरी

थोडं वेगळं बोलते, राग मानू नका.

"कुटुंबवत्सल" वगैरे सगळं ठीक. पण २४ वर्षांतली किती वर्षं ते घरी होते? वर्षाला दोन महिन्यांची छुट्टी धरली तर चार वर्षं. उरलेली वीस वर्षं घर कुणी रेटलं? सासूसासरे, तीन मुलं, बैल, विहिरीचा उपसा, सोसायटीचं कर्ज, हे सगळं आजीने केलं असणार. फौजी माणसाचं कौतुक करताना घरचं माणूस नेहमी "खंबीरपणे पाठीशी उभी राहिली" एवढ्या एका वाक्यात गुंडाळलं जातं. माझ्या आजीचं तसं झालं. आजोबांवर गौरवांक निघाला, त्यात तिचा एक फोटो, तोही स्वयंपाकघराच्या दारातला, अर्धा.

तुमच्या पुस्तिकेत आजीला अर्धी पानं द्या. त्या आहेत ना अजून? मग त्यांना विचारा.

छावणीतली_सून

ओसरी, मुद्दा शंभर टक्के मान्य, पण हिशेब तेवढा सरळ नाही. माझे सासरे फौजी, नवरा फौजी. माणूस लांब असतो म्हणजे घरात नसतो असं होत नाही. सासरे दर पत्रात विहिरीचं पाणी किती पायऱ्यांवर आहे ते विचारायचे. सासूबाई सांगायच्या, पाण्याकडे बघताना तेही बघतायत असं वाटायचं.

आणि एक. घरी परत आल्यावरचं पहिलं वर्ष फार अवघड असतं, त्यावर कुणी लिहीत नाही. बाईने सगळं आपल्या पद्धतीने बसवलेलं असतं आणि हा येतो, पहाटे पाचला सगळ्यांना उठवतो. सासऱ्यांनी पहिल्या महिन्यात माळ्यावरची भांडी उंचीप्रमाणे लावली. सासूबाईंनी दुसऱ्या दिवशी परत आपल्या सोयीने लावली. तिसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं, "कुठलं कुठं लागतं सांग, तसं लावतो." त्यांचा संसार तिथून लागला असं त्या म्हणतात.

शेंगदाणा

फौजी आजोबांच्या हिंदीवर कुणीच बोलेना, म्हणून मी.

आमचे आजोबा बैलालासुद्धा हिंदीत ओरडायचे. "अबे थम!" बैल मराठी, पण थांबायचा. पंगतीला "बडा खाना", स्वयंपाकघराला "लंगर", आम्हा नातवंडांना संध्याकाळी अंगणात "फॉलिन". नखं, कान, शाळेचे बूट तपासून झाले की "लाइन तोड", आणि मग खिशातून लिमलेटची गोळी.

वांगीभरीत

@शेंगदाणा लाइन तोड!! आमच्याकडेही! मला मोठेपणापर्यंत तो मराठी शब्द वाटायचा.

रतीब

विषयाला सोडून आहे पण गरजेचं आहे. @कृष्णाकाठची, आजींचं फॅमिली पेन्शन सुरू झालं का? आमच्या आईच्या वेळी नावात घोळ निघाला. वडिलांच्या कागदांवर लग्नातलं नाव, आधारवर माहेरच्या सवयीचं नाव, जन्मसाल दोन ठिकाणी दोन. आठ महिने हेलपाटे. आता सगळं स्पर्श या फौजी पेन्शनच्या पोर्टलवर आहे, तिथे मृत्यूचा दाखला, पीपीओ म्हणजे पेन्शनचा आदेश, बँक तपशील चढवावे लागतात. दरवर्षीचा हयातीचा दाखलाही आता आजींच्या नावाने. आणि वयाप्रमाणे वाढ मागायला विसरू नका. ८० ला २० टक्के, ८५ ला ३०, ९० ला ४०. फॅमिली पेन्शनलाही ती लागू आहे.

कृष्णाकाठची

@रतीब, मनापासून आभार. सुरू झालं, पण जन्मसालाचा घोळ आमच्याकडेही आहे, काका त्यामागे लागलेत.

वाढीवरून आठवलं. ८० पूर्ण झाल्यावर पहिली वाढ आली तेव्हा आजोबांनी साताऱ्याहून कंदी पेढे आणून गल्लीत वाटले. ८५ ला पुन्हा. ९० ला तिसऱ्यांदा. "सरकार म्हणतंय अजून जग, तर जगायला पायजे," म्हणायचे. तिसऱ्या वेळचे पेढे वाटून दोन महिन्यांत गेले.

आणि ओसरीताई, राग कशाला. तुमचं वाचून मी आजीला विचारायला बसले. ते सविस्तर लिहिते, जरा वेळ द्या.

ऑलिव्हच्या_झाडाखाली

मी इटलीत पेरूजाला राहते. इथून वर डोंगरावर मोंतोने नावाचं छोटं गाव आहे. २०२३ मध्ये तिथे नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक उभारलं, ते म्हणजे एक सूर्यघड्याळ. आपल्या रायगड जिल्ह्यातल्या माणगावकडचा हा मुलगा, तिसऱ्या मराठा पलटणीचा. १० जुलै १९४४ ला वरच्या तिबर खोऱ्यात एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेला, ते घेतलं आणि तिथेच पडला. वय २२. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर. इटलीच्या मोहिमेत मेलेले हिंदी सैनिक ५,७८२.

सूर्यघड्याळावरच्या लॅटिन ओळीचा अर्थ, आपण सगळे एकाच सूर्याखाली जगतो. मी तिथे अर्धा तास बसले होते. मनात एकच येत होतं, याला सुतळीची वेणी घालायला मिळाली नाही. तुमचा धागा वाचताना ते पुन्हा आठवलं. नव्वद वर्षांतली ती ४७ वर्षं फार मोठी आहेत हो. ती नीट लिहा.

बेळगावच्या_वाटेवर

@ऑलिव्हच्या_झाडाखाली, छान लिहिलंत. त्याच मोहिमेतले दुसरे मराठा व्हीसी नामदेव जाधव, अहमदनगरकडचे. ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. कंपनीतले बहुतेक जण पडले असताना दोन जखमींना पाठीवरून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणून सोडलं. मग परत जाऊन मशीनगनची ठाणी उडवली आणि बांधावर चढून मराठ्यांची आरोळी ठोकली. ते जगले, १९८४ पर्यंत. मला त्या पराक्रमात आधी जखमींना पोचवलं हेच मोठं वाटतं.

निवृत्त_सॅपर

अंत्यविधीला आरोळी झाली का ताई?

कृष्णाकाठची

झाली. पंचक्रोशीतले माजी सैनिक कोट घालून, छातीवर मेडल लावून आले होते. बारा-तेरा जण, सगळ्यात तरुण साठीचा. चितेला अग्नी देण्याआधी एकाने "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की" म्हटलं आणि बाकीच्यांनी "जय". आजीला खुर्चीवरून वेशीपर्यंत आणलं होतं. तिने डावा हात वर केला.

आता आजीचं.

आजोबांची काळी ट्रंक आहे, पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. तळाशी आंतरदेशीय पत्रांचा गठ्ठा, नाडीने बांधलेला. आजोबांनी आजीला लिहिलेली पत्रं. आजीला अक्षरओळख नाही. पत्र आलं की शाळेचे मास्तर ओट्यावर बसून वाचून दाखवायचे, आणि भोवती सासरे, चुलत सासरे, अर्धी गल्ली. त्यामुळे पत्रात काय असणार? तीर्थरूपांस साष्टांग, सर्व कुशल, पाऊसपाणी कसं, बैलाचा पाय बरा झाला का. बायकोसाठी एक शब्द नाही.

मी पत्रं उलगडत होते आणि प्रत्येकाच्या शेवटी, सहीच्या खाली कोपऱ्यात, बारीक रेघा दिसायला लागल्या. चार उभ्या आणि पाचवी आडवी. कुठे दहा, कुठे साठ, कुठे शंभराच्या वर. मला वाटलं पेन चालतंय का ते बघितलं असेल. आजीला विचारलं. ती पहिल्यांदा हसली. मग म्हणाली, "त्या माझ्या काड्या हायत."

लग्नाआधीपासून आजी दुधाच्या रतिबाचा हिशेब भिंतीवर चुन्याच्या रेघांनी ठेवायची. चार उभ्या, एक आडवी. आजोबांनी ते पाहिलं आणि फौजेत गेल्यावर छुट्टीला किती दिवस उरले ते तिच्याच रेघांनी लिहून पाठवायला लागले. मास्तरांना कळलं नाही, सासऱ्यांना कळलं नाही. पत्र वाचून झालं की आजी ते ठेवायला म्हणून आत न्यायची आणि चुलीपुढे मोजायची.

सुईदोरा

सुतळी मागे घेते. इथून सुरू कर.

ओसरी

आजींना माझा नमस्कार सांग. बाकी काही बोलवत नाही.

छावणीतली_सून

१९७१ ची पत्रं आहेत का गठ्ठ्यात?

कृष्णाकाठची

आहेत. मीही तेच शोधलं. पत्ता मार्फत ९९ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपाल. ऑक्टोबरच्या पत्रात अठ्ठेचाळीस काड्या. नोव्हेंबरच्या पत्रात एकही नाही. मजकूर नेहमीचाच, सर्व कुशल, काळजी नसावी, धाकट्याला शाळेत घालावे.

आजी सांगते, "मास्तर वाचत हुते, सर्व कुशल. मी म्हटलं, मास्तर, पुढं काय हाय? ते म्हनले, काय न्हाई, सही हाय. सहीखाली काय हाय? म्हनले, कोरं हाय. तवाच मला कळलं. काड्या न्हाईत म्हंजी सुट्टी न्हाई, आन सुट्टी न्हाई म्हंजी लडाई हाय. मी कुनाला बोलले न्हाई. रेडिवर सांगितलं ते लई मागनं."

त्यानंतर जमालपूर झालं, ढाका पडलं, गावात पेढे वाटले गेले. आजोबा कसे आहेत हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. पुढचं पत्र १९७२ च्या जानेवारीतलं. ते मास्तरांकडे गेलंच नाही. पोस्टमनच्या हातातून घेऊन आजीने तिथेच दारात उलगडलं, कोपरा बघितला आणि घडी घालून कनवटीला लावलं. सासऱ्यांनी विचारलं काय लिवलंय, तर म्हणाली, "येत्यात."

छत्तीस काड्या.

हे काकांना वाचून दाखवलं तेव्हा ते उठून बाहेर गेले. आल्यावर म्हणाले, "जमालपूर दुसऱ्या प्रकरणात घे." आत्या काहीच म्हणाली नाही, ती त्या दिवशी आजीची वेणी घालत होती. आजोबा गेल्यापासून तीच घालते. भांगासाठी बोट नाकाच्या शेंड्यापासून वर नेते.

बेळगावच्या_वाटेवर

काकांना सांगा, मीही दुसऱ्या प्रकरणावर खूश आहे.

निवृत्त_सॅपर

ताई, पत्रं प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, घाम धरतो. सुती फडक्यात ठेवा. आणि नाडी तीच राहू द्या.

शेंगदाणा

छापून झाल्यावर इथे सांगा. आम्हालाही एक प्रत हवी, पोस्टाचा खर्च आमचा.

कृष्णाकाठची

तीन आठवड्यांनी परत आले, धागा वर काढतेय. तुमच्या सगळ्यांमुळे अडलेलं काम मार्गी लागलं.

पहिल्या पानावर जानेवारीच्या पत्राचा फोटो घेतला, खाली काही मजकूर नाही. दुसऱ्या प्रकरणात जमालपूर, तिसऱ्यात घर, सुतळीची वेणी शेवटी. मुखपृष्ठावर दोघांची नावं, एकाच मापाच्या अक्षरात.

प्रेसवाल्या मुलाने पहिलं प्रूफ पाठवलं त्यात कोपरा कोरा होता. फोन केला तर म्हणाला, "ताई, जुना कागद होता, डाग आणि रेघोट्या साफ करून दिल्या." त्याला समजावलं, त्याने माफी मागून परत सगळं घेतलं. दुसरं प्रूफ काल आलं. मला बरोबर वाटलं, बाबांना बरोबर वाटलं.

आजीच्या मांडीवर ठेवलं. तिने डाव्या हाताचं बोट एकेका काडीवरून नेलं, हळूहळू, ओठ हलवत. शेवटपर्यंत गेली आणि परत पहिल्यापासून मोजलं. मग म्हणाली, "पस्तीस हायत गं. एक कुटं गेली?"

ट्रंकेतून मूळ पत्र काढून शेजारी धरलं. छत्तिसावी काडी अगदी कडेला होती, छपाईच्या समासात कापली गेली होती. तिसरं प्रूफ उद्या येतंय.